ऑपरेशन बिघडलं, आता केस टाकायची का?

उलव्यातल्या रुग्णाचं मोठं दुखणं बहुतेक वेळा एकाच छताखाली निभावत नाही. तपासणी घराजवळच्या नर्सिंग होममध्ये होते, सोनोग्राफी दुसऱ्याच इमारतीत. छोटं ऑपरेशन सेक्टरातच उरकतं. मोठं असेल तर नेरूळ, बेलापूर, वाशी किंवा पनवेल गाठावं लागतं. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्‌घाटन झालं आणि परळची मोठी रुग्णालयंही टप्प्यात आली. ऑपरेशननंतर काही बिघडलं की रुग्णवाहिका याच रस्त्यांनी धावते, इथून तिथे आणि तिथून आणखी पुढे. महिन्याभराने घरची माणसं कागद पसरून बसतात तेव्हा समोर तीन दवाखान्यांची बिलं असतात, दोन डिस्चार्ज कार्डं असतात, आणि मनात एकच प्रश्न असतो. हे कुणाच्या चुकीने झालं का? झालं असेल, तर केस टाकायची का?

सल्ले दोन टोकांचे मिळतात. एक जण म्हणतो, सोडू नका, कोटीभर भरपाई मिळते. दुसरा म्हणतो, डॉक्टरविरुद्ध डॉक्टर कधी बोलत नाही, नाद सोडा. दोघांनीही केस पेपर पाहिलेला नसतो. हा निर्णय कागद वाचूनच व्हायला हवा. नुकसान किती मोठं आहे, यावरून तो ठरत नाही. उपचाराच्या कोणत्या पायरीवर काय व्हायला हवं होतं, ते झालं का, आणि न झाल्यामुळेच हे नुकसान झालं का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठरतो.

उदाहरण म्हणून पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन घेऊ, कारण ते आता गल्लोगल्ली होतं. पित्ताशय काढताना त्याची बारीक नळी क्लिप लावून कापतात. तिच्या अगदी शेजारून मुख्य पित्तनलिका जाते. सूज असेल, चिकटलेलं असेल, तर दोन्ही नळ्या ओळखणं अवघड होतं आणि मुख्य नलिकेला इजा होऊ शकते. चांगल्या सर्जनच्या हातूनही हजार ऑपरेशनांत साधारण तीन ते सहा वेळा हे घडतं, असं वैद्यकीय साहित्यात वर्षानुवर्षं नोंदलेलं आहे. त्यामुळे केवळ इजा झाली एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होणं कठीण. डॉक्टर याला ‘कॉम्प्लिकेशन’ म्हणतात, आणि कितीतरी वेळा ते खरंच असतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. समजा, दुसऱ्या दिवशी रुग्णाचं पोट फुगलं, नाडी वाढली, ताप आला, ड्रेनच्या पिशवीत हिरवट-पिवळं पित्त उतरू लागलं. नर्सने ते चार्टवर लिहिलं. तरीही सर्जन दोन दिवस फिरकले नाहीत, सोनोग्राफी झाली नाही, ‘गॅस झालाय’ म्हणून पाचव्या दिवशी घरी पाठवलं आणि आठव्या दिवशी कावीळ होऊन जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या अवस्थेत रुग्ण दुसरीकडे पोहोचला. आता प्रश्न इजेचा राहिला नाही. इजा झाल्याची लक्षणं समोर असताना ती का ओळखली नाहीत, वरच्या रुग्णालयात वेळेत का पाठवलं नाही, हा प्रश्न झाला. माझ्या मते ऑपरेशननंतरच्या तक्रारींत खरी ताकद असते ती इथे. घरच्यांचा सगळा राग ओटीतल्या तासाभरावर असतो आणि त्यानंतरचे तीन दिवस कुणी तपासत नाही.

कायद्याची चौकट यापेक्षा फार वेगळी नाही, आणि ती उभी राहिली तीही आपल्याच कोकणातल्या एका मुलाच्या मृत्यूवरून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर 6 मे 1953 रोजी आनंद गोडबोले या वीस वर्षांच्या तरुणाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावात तात्पुरत्या फळ्या बांधून त्याला टॅक्सीने पुण्याला नेलं. 9 मे रोजी पुण्यातल्या रुग्णालयात हाड बसवण्यात आलं आणि त्याच रात्री तो गेला. पुरेशी भूल न देता, जास्त जोर लावून हाड ओढलं आणि त्या धक्क्याने मृत्यू झाला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि 1968 मध्ये निकाल लागला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने तो आजही जवळपास प्रत्येक वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात उद्धृत होतो. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते उपचार प्रत्यक्ष करताना काळजी, ही डॉक्टरची तीन कर्तव्यं त्यात सांगितली आहेत. काळजी किती, तर त्या शाखेतल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरकडून वाजवीपणे अपेक्षित असेल तितकी. देशातल्या सर्वोत्तम सर्जनची नव्हे. एकाच आजारावर दोन मान्य पद्धती असतील आणि डॉक्टरने त्यातली एक निवडली, तर दुसरी बरी ठरली असती एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही.

गोडबोले कुटुंबाला मिळालेली भरपाई होती 3,000 रुपये, आणि त्यात पंधरा वर्षं गेली होती.

याच्या उलट टोकाचं प्रकरण मुंबईचं आहे. एप्रिल 1998 मध्ये पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यासाठी एका रुग्णावर बॉम्बे हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया झाली. नंतर पायांचा रक्तपुरवठा थांबला. तपासणीचं यंत्र बंद होतं, पुन्हा ऑपरेशन करायचं तर थिएटर रिकामं नव्हतं, पुढे पाय सडले आणि जूनमध्ये रुग्णाचा मृत्यू झाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कुटुंबाला 14 लाखांहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने 30 नोव्हेंबर 2021 रोजी तो रद्द केला. सगळी थिएटरं इतर रुग्णांसाठी वापरात असतील तर त्याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही, यंत्र बिघडू शकतं, तज्ज्ञांची तुकडी रुग्णाकडे लक्ष देत होती आणि रुग्ण वाचला नाही म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाहीत, असं त्या निकालाचं सार आहे. आधी दिलेले पाच लाख रुपये मात्र सानुग्रह मदत म्हणून कुटुंबाकडेच राहू दिले. तेवीस वर्षांनी हरलेल्या त्या कुटुंबाचं दुःख खरं होतं. हे प्रकरण मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकताना पहिल्या क्षणी कुणालाही वाटेल की ही केस पक्की आहे.

आणि काही प्रकरणं अशी असतात की वस्तुस्थितीच बोलते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै 1963 मध्ये चंद्रिकाबाई बाळंत झाल्या आणि तीन दिवसांनी त्यांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. ताप आला, पोट दुखू लागलं, टाका बरा होईना. सहा दिवसांनी दुसऱ्या सर्जनने पोट उघडलं तेव्हा आत मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, राहिलेलं सापडलं. पू झाला होता. 24 जुलैला त्या गेल्या. पोटात कापड राहिलं हे दिसत असताना नेमकं कुणाच्या हातून राहिलं हे नातेवाइकांनी सिद्ध करत बसायची गरज नाही, ते कसं राहिलं याचा खुलासा रुग्णालयानेच करायचा. सर्वोच्च न्यायालयाने 20 फेब्रुवारी 1996 रोजी ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात हेच मान्य केलं आणि खालच्या न्यायालयाने दिलेली 36,000 रुपयांची भरपाई कायम केली. मधल्या काळात उच्च न्यायालयात चंद्रिकाबाईंचे पती अच्युतराव हरले होते. चुकीची बाजू कापली जाणं, चुकीचा रक्तगट चढवणं, आत उपकरण राहणं ही याच जातीची प्रकरणं. यांत खात्री जास्त असते.

आपली केस या तिन्हींपैकी कशाच्या जवळ जाते, हे ओळखायला कागद लागतात. उलव्याच्या कुटुंबांची अडचण इथेच सुरू होते, कारण एकाच रुग्णाचे कागद तीन ठिकाणी आणि दोन-तीन जिल्ह्यांत विखुरलेले असतात. उलवे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात, खाडी ओलांडून नेरूळ-बेलापूरला गेलं की ठाणे जिल्हा, सेतूपलीकडे मुंबई. प्रत्येक ठिकाणी वेगळा लेखी अर्ज द्यावा लागतो.

बहुतेकांच्या हाती फक्त डिस्चार्ज कार्ड असतं. ते सगळं संपल्यावर, सावकाश लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यावर विसंबू नये. हवा असतो पूर्ण इनडोअर केस पेपर. त्यात ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाचा चार्ट, ऑपरेशनपूर्व तपासणीची नोंद, संमतीपत्र, नर्सच्या पाळीनिहाय नोंदी, तापमान-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधांचा तक्ता, ड्रेन आणि लघवीच्या मोजमापाची नोंद हे सगळं असतं. बाहेर पाठवलं असेल तर रेफरल चिठ्ठी, आणि तिच्यावरची वेळ. काढलेला अवयव पॅथॉलॉजीला गेला असेल तर तो रिपोर्ट. सीटी किंवा एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडीही घ्यावी.

नर्सच्या नोंदी मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात. सर्जनची नोट दिवसाला एक-दोन ओळींची असते. नर्स दर काही तासांनी वेळ घालून लिहिते. ‘रात्री 2.30, पेशंट कम्प्लेनिंग ऑफ पेन, डॉक्टर इन्फॉर्म्ड’ अशी एक ओळ आणि तिच्यानंतर सकाळी 9 पर्यंत कोणाचीच नोंद नाही, हे अंतर पूर्ण प्रकरणाचा कणा ठरू शकतं. उलट दर तासाला डॉक्टर आल्याच्या, औषध बदलल्याच्या नोंदी असतील, तर आपल्याला रुग्णालयात उभं राहून जे दिसलं नाही ते कागद दाखवतात, आणि तेही प्रामाणिकपणे स्वीकारावं लागतं.

कागद देणं ही रुग्णालयाची मेहेरबानी नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असतात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायच्या असतात. त्याआधीच, 1996 मध्ये, रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं होतं की गोपनीयतेचं कारण पुढे करून रुग्णाला किंवा नातेवाइकांना केस पेपरची प्रत नाकारता येत नाही. झेरॉक्सचा खर्च घ्यावा. अर्ज दोन प्रतींत करावा, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपावी. कागद दिले नाहीत, तर पुढे आयोगासमोर तेच रुग्णालयाच्या विरोधात जाऊ शकतं. अर्जात आरोप, धमकी, संताप काही नको. ‘पुढील उपचारांसाठी संपूर्ण आंतररुग्ण नोंदींची प्रत द्यावी’ एवढं पुरतं.

रुग्ण दगावला असेल तर आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना जीव जड होतो. शंका असेल तर अंत्यसंस्काराच्या आधीच पोलिसांना कळवून शवविच्छेदनाची मागणी करावी लागते. त्या घडीला घरात कुणाचं डोकं चालत नाही, वडीलधारे म्हणतात आता आणखी चिरफाड नको, आणि ते म्हणणंही समजण्यासारखं असतं. पण मृत्यूचं कारणच नक्की नसेल तर पुढे चूक आणि मृत्यू यांचा सांधा जुळवणं फार अवघड होतं. हा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो, म्हणून तो आधीच माहीत असलेला बरा.

संमतीपत्राबद्दल दोन गैरसमज आहेत. सही केली म्हणजे सगळं संपलं, हा पहिला. संमती धोक्याला असते, निष्काळजीपणाला नसते. दुसरा गैरसमज रुग्णालयांचा: छापील फॉर्मवर सही असली की झालं. सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी समीरा कोहली प्रकरणात हा मुद्दा नीट सोडवला. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि बीजकोश बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना, शुद्धीवर आल्यावर विचारता येणं शक्य असताना, सज्ञान रुग्णाऐवजी इतर कुणाची संमती चालत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. कोऱ्या जागा असलेला फॉर्म, रुग्णाला न कळणाऱ्या इंग्रजीत, ऑपरेशन टेबलकडे नेताना घेतलेली सही, ठरलेल्यापेक्षा वेगळंच ऑपरेशन हे सगळं तपासण्यासारखं आहे.

मग तज्ज्ञ. वकिलाकडे जाण्याआधी, किंवा निदान फी ठरवण्याआधी, कागद त्याच शाखेच्या एखाद्या अनुभवी डॉक्टरला दाखवावेत. तो तुमच्या उपचारांत गुंतलेला नसावा. वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक मिळाले तर उत्तम. ‘चूक झाली का?’ असं विचारलं की बहुतेक डॉक्टर मान हलवून गप्प बसतात. ‘अमुक दिवशी हे लक्षण असताना तुम्ही काय तपासण्या केल्या असत्या, आणि किती वेळात?’ असं विचारलं की बोलतात. लेखी मत द्यायला तयार होणारे कमी, हे खरं आहे. मात्र प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात स्पष्ट केलं. मॉप पोटात राहिला हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पित्तनलिकेची इजा टाळता आली असती का, हे सांगायला लागतो. असा प्रश्न असलेल्या प्रकरणात एकही डॉक्टर तोंडीसुद्धा तुमच्या बाजूने बोलायला तयार नसेल, तर तो गंभीर इशारा समजावा.

याच टप्प्यावर तिसरा, सगळ्यांत निसटणारा प्रश्न सुटतो. चूक झाली असेल, पण त्या चुकीमुळेच नुकसान झालं का? प्रतिजैविक सहा तास उशिरा दिलं हे सिद्ध झालं, तरी वेळेत दिलं असतं तरी पाय वाचला नसता, असं तज्ज्ञ म्हणाला तर भरपाईचा पाया ढासळतो. अनेक दावे इथेच हरतात.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफी देऊ शकतो, पण त्यावर भरवसा ठेवून बसू नये. रुग्णालयाशी पत्रव्यवहार चालू आहे, वकिलाची नोटीस गेली आहे, एवढ्याने मुदत वाढत नाही. याबाबत गोव्यातल्या एका परिचारिकेचं प्रकरण प्रत्येकाने लक्षात ठेवावं. 1993 मध्ये मुंबईत तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नऊ वर्षं पोट अधूनमधून दुखत राहिलं. ती वेदनाशामकांवर दिवस काढत राहिली. 2002 मध्ये मुंबईतच दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा पोटात गॉज सापडला. तिने 2004 मध्ये तक्रार केली. गॉज सापडल्यापासून मोजलं तर ती मुदतीत होती. पण 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. ती स्वतः रुग्णालयात काम करणारी अनुभवी परिचारिका असूनही नऊ वर्षांत तिने ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला एकदाही गाठलं नाही, दुखण्याचं कारण शोधलं नाही, हे तिच्या विरोधात गेलं. नुकसान लपलेलं असेल तर ते कळल्यापासून मुदत मोजण्याचं तत्त्व न्यायालयाने नाकारलं नाही. वाजवी दक्षता घेतली असती तर ते केव्हा कळलं असतं, हेही पाहिलं जातं एवढंच. ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने दुखत असेल तर सहन करत बसू नये, हा वैद्यकीय सल्ला आहे आणि कायदेशीरही.

जायचं कुठे? भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. 13 नोव्हेंबर 1995 च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी रुग्ण ग्राहकच राहतो. जिथे सगळ्यांना सगळं मोफत आहे अशा ठिकाणच्या उपचारांना हा कायदा लागत नाही. तिथे दिवाणी न्यायालय, खोडवांनी धरली तीच वाट. कोणत्या पातळीवरचा आयोग, हे नव्या कायद्यात तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर उपचारांसाठी दिलेल्या पैशांवर ठरतं. 50 लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे जवळपास सगळीच प्रकरणं. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारीचं शुल्क नाही.

तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, ही 2019 च्या कायद्याने केलेली मोठी सोय आहे. उलव्यात राहणाऱ्याला त्यामुळे अलिबागचा रायगड जिल्हा आयोग खुला आहे, ऑपरेशन मुंबईत झालं असलं तरी. रुग्णालय नेरूळ-वाशीकडचं असेल तर ठाणे जिल्ह्याचा बेलापूरच्या कोकण भवनातला अतिरिक्त आयोगही चालतो, आणि उलवेकराला तो बराच जवळ पडतो. पेण-वडखळवरून अलिबागला दर तारखेला जाऊन येणं म्हणजे एक रजा. तक्रार आता ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन करता येते आणि अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणीची तरतूदही आहे. तक्रारीत कुणाकुणाला पक्षकार करायचं, हे मात्र वकिलाशी बसून नीट ठरवावं. छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जन आणि भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि काही बिघडलं की नर्सिंग होम म्हणतं, ते आमचे नोकर नव्हेत. सविता गर्ग प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मान्य केला नाही. रुग्णाने विश्वास रुग्णालयावर टाकलेला असतो, आणि काळजी घेतली हे दाखवणं रुग्णालयाचं काम.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषद पैसे मिळवून देत नाही. ती ॲलोपॅथीच्या डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळ स्थगित करू शकते किंवा नाव वगळू शकते. हा माणूस पुन्हा कुणाच्या बाबतीत असं करू नये, एवढीच इच्छा असेल तर योग्य दार हे आहे. ज्याने ऑपरेशन केलं त्याची पदवी आणि नोंदणी काय आहे, हेही परिषदेकडे तपासून घ्यावं. कधी कधी खरं प्रकरण तिथेच उघडं पडतं.

पोलिसांत जाण्याबाबत माझं मत सावध आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा ढोबळ आणि टोकाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात ठरवलं. स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय तपास पुढे नेऊ नये आणि सरसकट अटक करू नये, असंही सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय प्रक्रियेदरम्यानच्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दारू पिऊन ऑपरेशन, पदवीच नसलेला माणूस, रुग्णाला टेबलवर सोडून निघून जाणं, अशा प्रकारांत जरूर जावं. बाकीच्या प्रकरणांत सरकारी समितीचं मत विरोधात आलं, तर तोच कागद डॉक्टरचा वकील ग्राहक आयोगात पहिल्या पानाला लावतो. आणि रुग्णालयात तोडफोड झाली तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय नुकसानीच्या दुप्पट वसुली. ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी होतो.

भरपाईच्या आकड्यांबद्दल बोलायलाच हवं. कोलकात्यातल्या उपचारांच्या प्रकरणात 2013 मध्ये डॉ. कुणाल साहा यांना व्याजाशिवाय जवळपास सहा कोटी मंजूर झाले. त्यांच्या पत्नीने अखेरचा श्वास मुंबईत घेतला होता, 1998 मध्ये. तो आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण साहा स्वतः डॉक्टर होते, पत्नी अमेरिकेत कमावती होती, त्यांनी पंधरा वर्षं जगभरातल्या तज्ज्ञांची मतं जमवली. सर्वसाधारण प्रकरणात हिशेब उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, पुढच्या शुश्रूषेचा खर्च आणि यातनांबद्दल काही रक्कम असा होतो. म्हणून पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, आया-मदतनिसाला दिलेले पैसे, प्रवासाची बिलं पहिल्या दिवसापासून जपावीत. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वर्षं जातात. जिंकल्यावर समोरचा राज्य आयोगात अपील करू शकतो, त्यासाठी त्याला निम्मी रक्कम भरावी लागते, पण तारखा पुन्हा सुरू होतात. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली प्रकरणं आयोगाकडून मध्यस्थीलाही पाठवता येत नाहीत. घरात एक तरी माणूस असा हवा जो हे सगळं पाच-सात वर्षं, स्वतःचं आयुष्य चालू ठेवून, ओढू शकेल. तो नसेल तर चांगली केसही अर्ध्यावर सुटते, आणि अशा कुटुंबाने न लढण्याचं ठरवलं तर त्यात कमीपणा काही नाही.

अनेकांना मुळात पैसे नको असतात. काय झालं ते कुणीतरी समोर बसून सांगावं, एवढंच हवं असतं. डॉक्टर बोलत नाहीत याचं एक कारण त्यांचा व्यावसायिक विमा असतो. कबुलीसारखं काही बोललं तर विमा कंपनी हात वर करेल ही भीती असते. तरीही कागद मिळाल्यानंतर, वकिलाची नोटीस जाण्याआधी, लेखी प्रश्न देऊन रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकांची भेट मागून पाहावी. सोबत शांत डोक्याचा एक माणूस न्यावा आणि बाहेर आल्यावर लगेच तारखेसह टिपण करावं. काही रुग्णालयं खरंच बोलतात. तेवढ्याने समाधान झालं तर तिथे थांबता येतं. झालं नाही तरी दोन वर्षांच्या मुदतीतला उरलेला वेळ हाती असतो.

दावा करायचा नाही असं ठरलं तरी कागद मात्र मागवून ठेवावेत. एकदा उघडलेल्या पोटावर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली, तर नवा सर्जन सगळ्यांत आधी जुनी ऑपरेशन नोट मागतो, आणि तोवर कदाचित तीन वर्षं उलटून गेलेली असतात.